अंदमानचं टिपण

आमच्याकडे रोजची फुलं मनकर्णामावशी आणायच्या. वलगाव रस्त्याला त्यांचा मळा होता. सकाळी साडेसहाला दारातून "महाराज, फुलं" असा त्यांचा खणखणीत आवाज आला की मी परडी घेऊन पुढे व्हायची. बारा वर्षांत त्यात खंड पडला नव्हता. त्यामुळे अठ्ठावन्न सालच्या पौषातल्या त्या सकाळीही मी ओल्या केसांना पंचा गुंडाळून, झोप पुरती न उडालेल्या डोळ्यांनी परडी पुढे धरली आणि म्हटलं, "मावशी, आज शेवंती नको, कालचीच उरलीय."

"शेवंती नाहीच आनली," असं कुणीतरी भलत्याच जाड आवाजात म्हणालं.

डोळे खाडकन उघडले. दारात सायकल धरून एक उंच, सावळा तरुण उभा होता. थंडीनं त्याचे ओठ फुटले होते आणि हातात दूर्वांची जुडी होती. मी पंच्याला हात लावला, त्यानं मान दुसरीकडे फिरवली... मग दोघांनीही एकाच वेळी परत पाहिलं. आईचे गुडघे धरलेत म्हणून मी आलो, असं त्यानं सांगितलं. फुलं परडीत टाकली, पण दूर्वा टाकायला विसरला. ती जुडी तशीच हातात धरून तो उभा.

"महाराज हायेत काय? एक टिपन पायजे होतं."

हे टिपण म्हणजे काय, ते हल्लीच्या मुलांना सांगावं लागेल. माझे वडील मोरोपंत, म्हणजे आमचे नाना, भिक्षुकी करायचे. यजमानांपैकी कुणी यात्रेला निघालं की नाना त्याला एक कागद लिहून द्यायचे. कोणती गाडी, कुठे बदलायची, बरोबर काय न्यायचं, कोणत्या धर्मशाळेत ढेकूण आहेत, परत कधी यायचं, सगळं त्यात. गंमत अशी, की नाना स्वतः नागपूरच्या पुढे कधी गेलेले नव्हते. त्यांची पद्धत निराळी होती. यात्रेहून आलेल्या प्रत्येकानं आमच्या ओसरीवर बसून टिपणात काय चुकलं ते सांगायचं आणि नानांनी ते तांबड्या शाईनं दुरुस्त करायचं. त्यामुळे त्यांचं काशीचं टिपण काशीच्या पंड्यांपेक्षाही खरं असायचं. मोतीबिंदू वाढल्यापासून चार वर्षं हे लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, तेवीस वर्षांची होते, आणि अर्ध्या अमरावतीच्या पत्रिका जुळवणाऱ्या नानांना माझी पत्रिका काही कुठे जुळवता आली नव्हती. आई मी सातवीत असतानाच गेली होती.

"काशी की रामेश्वर?" मी सवयीनं विचारलं.

"अंदमान."

मी हसले. हसायला नको होतं. पण आमच्याकडे अंदमान म्हणजे काळं पाणी. तिथे माणसं पाठवली जात, टिपण मागून कुणी जात नसे.

त्याला राग आला नाही. त्याचं नाव भगवंत. नागपूरला शेतकीची पदवी घेतलेली, आणि आता अंदमानात शेतकी खात्यात नेमणूक झालेली. तीन वर्षं तिथून हलायचं नाही अशी अट. मनकर्णामावशी तर मुलाला सोडायला तयारच नव्हत्या. शेवटी त्यांनीही एक अट घातली होती.

"माय म्हन्ते, महाराज ज्या गावचं टिपन देतेत, त्या गावाहून मानूस वापस येते. महाराजाचं टिपन आन, मंग जाय."

मावशींचं खोटं नव्हतं. टिपण घेऊन गेलेले सगळे परत आले होते. एक म्हातारे गृहस्थ तेवढे काशीत वारले, पण ते त्यांचं भाग्य समजून कुणी त्याचा दोष टिपणाला दिला नाही.

नानांनी ओसरीवरूनच सगळं ऐकलं. समुद्र ओलांडण्याबद्दल ते काही बोलतील अशी माझी अटकळ होती, पण त्यांची अडचण वेगळीच निघाली. "परत आलेला माणूस सापडल्याशिवाय टिपण नाही," ते म्हणाले. "ऐकीव गोष्टी मी लिहून देत नाही. आधी माणूस शोध."

हे ते त्याला म्हणाले की मला, देव जाणे. शोधायला लागलो आम्ही दोघंही.

गुडघे बरे व्हायला मावशींना त्या वर्षी फार दिवस लागले. रोज सकाळी फुलांबरोबर एखादी बातमी यायची. बडनेऱ्याच्या एका रेल्वेवाल्याचा भाऊ तिकडे होता, पण तो परत आला नव्हता. धामणगावचा एक माणूस आला होता, पण तो सिलोनहून. मी पंचा गुंडाळायचं सोडून वेणी घालून दारात यायला लागले होते. नानांना तेव्हा दिसत कमी होतं, ही देवाची कृपा.

माणूस शेवटी माझ्याच एका विद्यार्थिनीच्या नात्यात सापडला. खुशालराव म्हणून अकोल्याचे. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं ते पोर्ट ब्लेअरच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मी पत्र टाकलं. उत्तराला कार्ड आलं: हात कापतो, लिहवत नाही, समक्ष या.

माघात नानांना अकोल्यात एक वास्तुशांत होती. त्यांच्याबरोबर मीही निघाले. बडनेऱ्याला गाडी बदलायला उतरलो, तर प्लॅटफॉर्मवर इस्त्रीचा सदरा घालून भगवंत उभा.

"मलेही अकोल्याले काम हाय," तो म्हणाला.

"कोणतं?"

तो जरा वेळ विचारात पडला. "तेच."

डब्यात नाना खिडकीशी बसून डोळे मिटून जप करू लागले. म्हणजे ते सगळं ऐकत होते. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा पलीकडे ती लहान रुळांची आगगाडी उभी होती. लहानपणी मला वाटायचं, ही लहान गाडी खाऊनपिऊन मोठी झाली की मुंबईला जाते. हे मी उगाच बोलून गेले. तो हसला नाही, गाडीकडे नीट बघत राहिला, जणू ती किती वाढलीय ते पाहत होता.

"तुम्ही समुद्र पाहिलाय?" मी विचारलं.

"नाही. तुमी?"

"मी वडाळीचा तलाव पाहिलाय."

"मंग सुरुवात तं झाली म्हना."

"पण जाताय कशाला इतक्या लांब?" हे मात्र मला खरंच कळून घ्यायचं होतं. "मळा आहे. इथे नोकरी मिळाली असती."

तो हातातल्या संत्र्याची साल काढत होता. साल न तोडता सगळी एकसलग निघाली, मग बोलला. "तिथली जमीन नवी हाय, बाई. तिथं वांगं येते का, संत्रं येते का, कोनालेच माहीत नाही. मले लावून पाहाचं हाय."

"आणि नाही आलं तर?"

"नाही आलं तं लिहून ठेवीन, नाही आलं म्हनून. मांगून येनाऱ्याचा वेळ वाचन."

त्यानं अर्धं संत्रं माझ्या हातात दिलं. मी नानांकडे पाहिलं. तीस वर्षं तांबड्या शाईनं दुरुस्त्या करणारा हा माणूस आणि समोरचा तो, एकाच जातकुळीचे होते. जातीचे नव्हते, एवढंच. ते संत्रं आंबट होतं. मी सगळं खाल्लं, आणि अकोला येईपर्यंत मला कळून चुकलं होतं की माझं काही खरं नाही.

खुशालराव खुर्चीत बसून होते. पुढे टेबलावर शिंपल्या. मी वही काढली आणि त्यांनी दोन तास सांगितलं. मध्ये भगवंत विचारायचा ते मातीचं, पाण्याचं. मी विचारायची ते पिठामिठाचं. शेवटी मी टाक पुसून ठेवला, तेव्हा त्यांनी टेबलावरची एक शिंपली हातात घेतली.

"अजून एक गोष्ट हाय, पन ती टिपनात लिहू नका, बाई," ते म्हणाले. "वैशाखात पाऊस लागला की मार्गशीर्षापर्यंत पत्र्यावर वाजत राह्यते. पहिल्या वर्षी मी एकटा होतो. रोज सांजच्याले दवाखाना बंद करून दाराकडं पाहत बसायचो. येनार कोन होतं? दुसऱ्या वर्षी बायकोले घेऊन गेलो. पाऊस तोच. पन मी म्हनायचो, 'आयकलं का?' अन् ती म्हने, 'आयकलं.' बस, इतकंच."

मी भगवंतकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता, आणि या वेळी कुणीही मान फिरवली नाही.

टिपण लिहायला मला तीन दिवस लागले. शाळेतून आले की ओसरीवर बसायची, नाना ऐकायचे, मान हलवायचे. नेहमीच्या साच्यातलंच लिहिलं होतं:

"अमरावतीहून बडनेऱ्यास येऊन कलकत्ता मेल धरावी. हावड्यास उतरून बोटीच्या कचेरीत नाव द्यावे. बोटीचा वार ठरलेला नसतो, दोन-तीन आठवड्यांनी एक सुटते; तारेने कळवतात. देवी व पटकी टोचल्याचा दाखला व नेमणुकीचा कागद जवळ असावा. बोटीवर चार दिवस. पहिले दोन दिवस पोट रिकामे ठेवू नये व भरूही नये. लिंबू व आले हाताशी असावे. वळकट्या दोन. तांबे दोन. ताटे दोन. छत्र्या दोन. चामड्याची वहाण नेऊ नये, बुरशी येते. किनाऱ्यावर पोवळ्याने पाय कापतात, तरी कापडी बूट घ्यावेत. काड्याच्या पेट्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. मिठाचे पाणी होते, ते बरणीत ठेवावे. ज्वारीचे पीठ नेऊ नये, जाळे धरते. ज्वारी न्यावी व तिथे दळावी. जाते लहान, एक. रानात जळवा फार, मिठाची पुरचुंडी कमरेस असावी. पत्र बोटीबरोबरच येते, वीस दिवस न आल्यास घाबरू नये."

भगवंत टिपण न्यायला आला तेव्हा नाना एका सत्यनारायणाला गेले होते. तो ओसरीच्या पायरीवर बसला आणि ओठ हलवत सावकाश वाचू लागला. मी खांबाशी उभी. मध्येच तो थांबला, परत वर गेला, परत खाली आला.

"बाई, एक इचारू? वळकट्या दोन काऊन?"

मी कागद जवळजवळ हिसकावलाच. खरंच दोन होत्या. तांबे दोन, ताटं दोन, छत्र्या दोन. माझे कान तापले. यात्रा जोडीनं करायची असते, म्हणून आमच्या घरची सगळी टिपणं दोघांची. चार वर्षं माझा हात तेच लिहीत आलेला, तो त्याच वळणानं गेला. मी हे सगळं त्याला घाईघाईनं सांगितलं. सवयीची चूक आहे, म्हटलं.

"जातं मात्र एकच हाय."

"जाती दोन कशाला लागतात? दळायला दोघं बसतातच ना—"

पुढचं वाक्य मी गिळलं. तो हसला नाही, पण त्याच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. देवळीतला टाक आणि तांबडी शाई उचलून त्यानं माझ्यापुढे धरली.

"मंग एक करा. रेघ मारा दोनवर."

टाक मी हातात घेतला. शाईत बुडवला. शाईचा थेंब टोकाशी जमला आणि पडायला आला... आणि मी टाक खाली ठेवला.

"राहू द्या," मी म्हटलं. "म्हणजे... ओझं होणार नसेल तर."

"दुसऱ्या वळकटीचं ओझं मले नाही होनार," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमाले होईन. महाराजाले होईन."

तोच माणूस असं म्हणू शकत होता. मी मग काही झाकून ठेवलं नाही. मला तुमच्याबरोबर यायचंय, आणि मला येता येणार नाही, अशी दोन्ही वाक्यं मी एका दमात सांगितली. तुम्ही माळी, आम्ही ब्राह्मण; मी गेले तर नानांना यजमानांची दारं बंद होतील. आणि ज्यांना दिवा लावताना काडी दिसत नाही, त्यांच्यापुढे भाताची पेज कोण ठेवणार? तो महाराजांना विचारतो म्हणाला. मी नको म्हटलं. विचारलं की नानांना नाही म्हणावं लागेल, आणि एकदा म्हटलेलं ते मागे घेत नसत.

त्यानं टिपण रेघ न मारताच घडी करून खिशात ठेवलं. "प्रस्थान ठेवाले येईन. तोपर्यंत तुमी पाहा," म्हणाला.

प्रस्थानाचंही सांगते. मुहूर्त आज आणि गाडी चार दिवसांनी, असं झालं की मुहूर्तावर प्रवासाच्या दिशेला ओळखीच्या घरी एक गाठोडं नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. मग दहा दिवसांच्या आत ते उचलून पुढे जायचं. कलकत्ता पूर्वेला, आणि मळ्याच्या पूर्वेला मावशींच्या ओळखीचं घर आमचंच. माघ वद्य पंचमीला भगवंतनं नव्या पंच्यात अक्षता, सुपारी, हळकुंड आणि त्याचा कलमं बांधायचा चाकू बांधून आणला. नानांनी मंत्र म्हणून ते देवघराच्या कोनाड्यात ठेवलं. जाताना भगवंतनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली सांडलेल्या अक्षता वेचत राहिले.

चौथ्या दिवशी कलकत्त्याहून तार आली. बोट ठरली होती. आठवड्याच्या आत अमरावती सोडायला हवी होती. तार दाखवायला तो दारापर्यंत आला, दाखवली, आणि सायकलवर न बसता ती हातात धरूनच चालत गेला. तो वळणाआड जाईपर्यंत मी पाहत होते. त्याच्या मागे सायकलच्या कॅरिअरवर रिकामी परडी हलत होती.

त्या दुपारी शाळेतून आल्यावर मी आईच्या जुन्या खणाचा एक तुकडा काढला. त्यात अक्षता, सुपारी, हळकुंड आणि माझा लिहायचा टाक ठेवून गाठ मारली, आणि कोनाड्यात त्याच्या गाठोड्याशेजारी माझं ठेवलं. मुहूर्त पाहिला नाही. पुरोहिताच्या मुलीनं तेवढं एक पाप केलं.

संध्याकाळी नाना देवघरात आले. दिसत नसल्यामुळे ते सगळं हातानं चाचपायचे: घंटा, पळी, मग कोनाडा. हात कोनाड्यात थांबला.

"दोन कशी?"

"एक माझं आहे, नाना."

त्यांनी आरती पुरी केली, एक शब्द न गाळता. मग पाटावर बसले आणि मलाही बसायला सांगितलं.

"यजमानांची अकरा घरं आहेत," ते म्हणाले. "त्यातली दोन राहतील. फार तर."

"मग मी गाठोडं काढून घेते."

"ठेवलेलं प्रस्थान माघारी काढत नाहीत. एवढं शिकली नाहीस माझ्या घरात?" आवाज रागाचा होता. "तुला मी इथे ठेवून घेईन, कुंदा. मला सोयीचं आहे ते. सकाळी पेज मिळेल, टिपणं लिहून होतील. मग एक दिवस मी जाईन आणि तू या ओसरीवर बसून लोकांच्या यात्रा लिहीत राहशील. मी आयुष्यभर तेच केलंय. मला माहीत आहे ते कसं असतं." मग म्हणाले, "टिपणाचा कच्चा कागद आण. वाच."

मी वाचलं. वळकट्या दोन, तांबे दोन. माझा आवाज तिथे अडखळला. मी लिहीत असताना नानांनी हे सगळं ऐकलंच होतं, आणि मान हलवली होती... हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. शेवटपर्यंत वाचून मी कागद खाली ठेवला.

"मावंद्याची ओळ कुठाय?"

यात्रेहून परत आल्यावर घालायच्या जेवणाला मावंदं म्हणतात. आमच्या प्रत्येक टिपणाची शेवटची ओळ तीच असते: अमुक दिवशी परत यावे, मावंदे घालावे. अंदमानच्या टिपणात ती मी लिहिलीच नव्हती. तो परत येईल तेव्हा मी कुठे असेन, ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून.

नानांनी देवळीतला टाक मागितला. चार वर्षांत त्यांनी अक्षर काढलं नव्हतं. मी कागदावर त्यांचं बोट टेकवून दिलं, आणि त्यांनी चढउतार करत, ओळीवर ओळ चढवत लिहिलं: "तीन वर्षांनी दोघांनी परत यावे. मावंदे माझ्या घरी." तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यातलं 'दोघांनी' मला अजून कोरड्या डोळ्यांनी वाचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी नानांचा हात धरून त्यांना वलगाव रस्त्याच्या मळ्यात नेलं. मनकर्णामावशी मोटेच्या पाटाशी बसून झेंडूचे हार करत होत्या. नाना उभ्या उभ्याच बोलले, काही न लपवता. मावशींनी हातातला हार पुरा ओवला, गाठ मारली.

"लोकं तं बोलतीन, महाराज. तुमच्यातले बोलतीन, आमच्यातले बी बोलतीन," त्या म्हणाल्या. "पन मले माझा पोरगा वापस पायजे. एकटा गेला तं तिकडचीच करून बसन. दोघं गेले तं येतीन तरी." मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "अन् महाराजाच्या भाकरीचं म्हनाल, तं फुलं आनतो तशी भाकर आनीन. खाल्ली तं खाल्ली."

भगवंत वांग्याच्या वाफ्यात उभा राहून ऐकत होता. पाटाचं पाणी त्याच्या पायांवरून चाललं होतं आणि त्याला त्याची शुद्ध नव्हती.

चौथ्या दिवशी आमचं लग्न झालं. लग्न लावायला दुसरा भटजी मिळाला नाही, तेव्हा नानांनीच मंत्र म्हटले आणि नानांनीच कन्यादान केलं. एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी बसायचे, परत पहिल्या जागी यायचे. त्याच संध्याकाळी कोनाड्यातली दोन्ही गाठोडी उचलून आम्ही निघालो.

बोटीवर लिंबाचा काडीचाही उपयोग झाला नाही. ते मी तांबड्या शाईनं लिहून ठेवलं. ज्वारी नेलेली बरी, हे खरं निघालं. जात्याशी आम्ही दोघं बसायचो, आणि शेजारच्या बंगाली बाई पुरुषाला दळताना बघायला पोरं घेऊन यायच्या. संत्रं आलं नाही. दोनदा लावलं, दोन्ही वेळा कुजलं, आणि भगवंतनं तसं लिहून ठेवलं. वांगं मात्र आलं, असं आलं की वऱ्हाडातल्या वांग्यानं मान खाली घालावी. वैशाखात पत्र्यावर पाऊस सुरू झाला त्या संध्याकाळी तो दारातून म्हणाला, "आयकलं का?" मी म्हटलं, "ऐकलं." एवढ्यासाठी मी कलकत्ता मेलमध्ये चढले होते.

बरोबर तीन वर्षांनी आम्ही अमरावतीला आलो. दोन महिन्यांची रजा होती, मग परत जायचं होतं. नानांचा मोतीबिंदू काढला होता, नाकावर जाड भिंगांचा चष्मा होता, आणि मावशींची भाकरी ते खात होते. पहिल्या चार महिन्यांत खाल्ली नाही, म्हणे. पाचव्यात एकदा ताप आला आणि मग मानापानाचं कुणी काही विचारलं नाही. मावंद्याला यजमानांपैकी दोन घरं आली, नाना म्हणाले होते तशीच. वलगाव रस्त्याचे मळेवाले मात्र सगळे आले, आणि अकोल्याहून खुशालराव काठी टेकत आले.

काशीहून लोक गंगा आणतात. आम्ही एका बाटलीत समुद्र आणला होता. नानांनी बाटली उजेडात धरून पाहिली, चार थेंब तळहातावर घेतले आणि जिभेला लावले.

"खारट आहे की खरंच," ते म्हणाले, आणि त्यांना का कोण जाणे, फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओसरीवर चष्मा लावून माझ्या तांबड्या दुरुस्त्या वाचत बसले होते. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी मला हाक मारली.

"अंदमानचं एक टिपण कर. दुरुस्त्या धरून."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. या वेळी तुमच्याबरोबर नाही, मागून येईन. भाद्रपदातली श्राद्धं आटोपून." मग चष्मा काढून तो पुसत म्हणाले, "आणि एकट्याचं लिही. सवयीनं दोन लिहू नकोस."

मी टाक घेतला. वळकटी एक, तांब्या एक, ताट एक, असं लिहीत गेले. माझ्या हाताला ते जड गेलं. त्या घरात एकट्याचं टिपण कधी लिहिलं गेलं नव्हतं. बोटीपर्यंत आले आणि थांबले. आतून भगवंत माझ्या मागे येऊन उभा राहिला होता, त्यानं वाकून वाचलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग मी पुढे लिहिलं: "बोटीवरून उतरल्यावर धक्क्यावर दोघे उभे असतील. छत्री त्यांच्याकडे आहे."